सड्यावरचा मोटरसायकल क्लास : दहा दिवस, साडेचार हजार रुपये

रत्नागिरी तालुक्यात दुचाकी शिकवतो म्हणणाऱ्या बहुतेक ठिकाणी खरा धंदा चारचाकीचा असतो. पाटीवर खाली बारीक अक्षरांत 'टू व्हीलर' लिहिलेलं असतं, आणि ती शिकवणी म्हणजे आरटीओच्या मैदानात पाय न टेकता आठचा आकडा काढायची तालीम. आकडा जमला की क्लास संपला. पुढे निवळीच्या घाटात ट्रकमागे गाडी बंद पडली तर काय करायचं, ते ज्याचं त्याने बघायचं.

इथे ज्या क्लासबद्दल लिहितोय तो त्यातला नाही. शहराबाहेर सड्यावर कातळाची सपाट मोकळी जागा, तिथून खाली वाडीत उतरणारा डांबरी चढ, दोन स्प्लेंडर, एक पल्सर १५०, आणि शिकवायला दोघं भाऊ. नाव मुद्दाम देत नाही. पुढे काही तक्रारीही येणार आहेत, आणि तालुका लहान आहे.

वेळ सकाळी साडेसहा ते आठ. दहा दिवस, साडेचार हजार रुपये, पेट्रोल त्यातच. एका तुकडीत सहा जण आणि सुरुवातीला दोन गाड्या, म्हणजे दीड तासात प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा तास. दहा दिवसांचे मिळून पाच तास प्रत्यक्ष गाडीवर. हा हिशेब आधी मांडायचं कारण असं, की 'रोज एक तास' सांगणारे क्लास एका गाडीमागे चार जण उभे करतात आणि तुम्हाला पंधरा मिनिटं मिळतात. फोनवर फी विचारण्याआधी एका गाडीमागे किती जण, ते विचारा. फी त्यानंतर स्वस्त की महाग ते कळेल.

शिकवायला स्प्लेंडर घेतली आहे, हे बरोबर. गाडीचं वजन ११२ किलो, म्हणजे ॲक्टिव्हापेक्षा फार जड नाही, आणि सीटची उंची ७८५ मिलीमीटर. पाच फूट एक-दोन इंच उंचीच्या माणसाचेही पाय टेकतात. 'शिकायचीच तर बुलेटवर शिकतो' म्हणणारा एखादा प्रत्येक तुकडीत असतो. बुलेटच्याच घरातली क्लासिक ३५० भरते १९५ किलो. ती एकदा का कातळावर दहा अंशांहून जास्त कलली, की नवख्याच्या हातून सावरत नाही. गाडी आडवी होते, लिव्हर मोडते आणि माणूस आठवडाभर गाडीकडे फिरकत नाही.

पहिला दिवस इंजिन बंद ठेवून जातो. गाडी ढकलायची, डाव्या बाजूने धरून वळवायची, डबल स्टँडवर चढवायची. हाताने ओढून स्टँड लागत नाही. उजव्या पायाने स्टँडच्या खुरावर सगळं वजन टाकायचं आणि हाताने फक्त दिशा द्यायची. आडवी पडलेली गाडी उचलायची तीही पाठ वाकवून नाही. गाडीकडे पाठ करून, गुडघ्यात बसून, सीटला कंबर टेकवून पायांच्या जोरावर उठायचं. काहींना हा दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. आमच्या मते पूर्ण कोर्समधला हा सर्वांत हुशारीचा निर्णय आहे. गाडी पडली तरी आपल्याला उचलता येते, हे एकदा कळलं की पुढची निम्मी भीती जाते, आणि घाबरलेला माणूसच क्लच एकदम सोडतो.

क्लचवर इथे दोन पूर्ण दिवस देतात. पद्धत अशी. पहिला गिअर टाकून, रेस (ॲक्सिलरेटर) अजिबात न देता, क्लच इतका हळू सोडायचा की गाडी स्वतःहून सरकू लागेल. सरकली की पुन्हा दाबायचा. पंचवीस-तीस फुटांच्या अंतरात हेच वीस-वीस वेळा. स्प्लेंडरचं इंजिन रेस न देताही सपाटीवर गाडी ओढतं, त्यामुळे क्लच नेमका कुठे पकडतो ते बोटांना कळतं. रेस देऊन शिकवलं की ती जागा कधीच कळत नाही. इंजिनाचा आवाज वाढतो, माणूस दचकतो, क्लच सुटतो आणि गाडी उडी मारून पुढे जाते. पाचशे-हजारांत शिकवणाऱ्यांकडे पहिल्याच दिवशी 'रेस दे, रेस दे' ऐकू येतं, ते यासाठीच टाळावं.

इथे एक खोट सापडली. दोनपैकी एका स्प्लेंडरची क्लच केबल ताणून सैल पडलेली होती. लिव्हरच्या टोकाला दहा ते वीस मिलीमीटर मोकळी हालचाल असावी लागते. या गाडीत ती जवळजवळ दुप्पट होती, त्यामुळे क्लच अगदी मुठीजवळ पकडत होता आणि गिअर टाकताना कडकड आवाज यायचा. शिकणाऱ्याला वाटतं चूक आपलीच. दोन्ही गाड्या आलटून पालटून मिळाल्या की एका दिवशी जमतं आणि दुसऱ्या दिवशी जमत नाही, त्याचं कारण हे. पाना लावून दोन मिनिटांत होणारं काम आहे. सांगितल्यावर त्यांनी ते लगेच केलं, पण सांगावं लागायला नको होतं.

गिअरबद्दल एक गोष्ट हा क्लास नीट समजावतो, जी इतरत्र कोणी बोलत नाही. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे, बोटांनी खाली दाबून पडतात, आणि टाचेने मागे दाबून कमी होतात. पल्सर, युनिकॉर्न, बुलेट यांत पहिला खाली आणि बाकीचे वर. स्प्लेंडरवर पाय बसलेला माणूस पल्सरवर तिसऱ्यात असताना सवयीने पुढे दाबतो, चौथ्याऐवजी दुसरा पडतो, इंजिन किंचाळतं आणि मागचं चाक क्षणभर अडकतं. कोरड्या डांबरावर नुसता धक्का बसतो. ओल्या वळणावर गाडी स्लिप होते. म्हणून आठव्या दिवशी सगळ्यांना पल्सरवर बसवून फक्त गिअर वर-खाली करायला लावतात. घरी कुठली गाडी आहे ते पहिल्या दिवशी विचारून घेतात, हेही चांगलं.

आता ब्रेक. क्लास पारखायचा तर इथेच पारखावा, कारण गाडी चालवायला भावाकडूनही शिकता येतं. गावाकडे अजून सर्रास सांगतात, 'पुढच्या ब्रेकला हात लावू नको, उलटशील.' या सल्ल्यामुळे कित्येक जण आयुष्यभर फक्त पायाने ब्रेक मारतात. खरं तर ब्रेक मारताना वजन पुढे येतं, पुढचं चाक रस्त्यावर घट्ट दाबलं जातं आणि मागचं हलकं होतं. हलकं झालेलं चाक पटकन अडकून घसरतं. म्हणजे थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. उलटायला होतं ते पुढचा ब्रेक मारल्यामुळे नाही, लिव्हर झटक्यात आवळल्यामुळे. आधी हलकेच दाबायचं, वजन पुढे येऊ द्यायचं, मग जोर वाढवायचा. लिंबू पिळतो तसं, असं इथला धाकटा भाऊ सांगतो, आणि नेमकं सांगतो.

सराव तीन टप्प्यांत होतो. आधी फक्त मागचा ब्रेक, मग फक्त पुढचा, मग दोन्ही. वेग प्रत्येक वेळी ताशी तीसच्या आसपास, आणि गाडी जिथे थांबते तिथे चुन्याची रेघ. तिन्ही रेघांमधलं अंतर डोळ्यांना दिसलं की पुढे पटवून द्यावं लागत नाही. एक बारकावा मात्र सांगायला हवा होता. नव्या स्प्लेंडरमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना अशी जोडब्रेकची सोय किंवा एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा), आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. त्यामुळे 'फक्त मागचा' म्हणून जो सराव होतो तो निव्वळ मागच्याचा नसतो, आणि जुन्या गाडीवर बसल्यावर तोच पाय कमी पडतो. शिवाय कित्येक गाड्यांत एबीएस पुढच्या चाकालाच असतं, मागचं चाक तिथेही अडकू शकतं.

स्कूटरवरून येणाऱ्यांसाठी वेगळी सूचना आहे, आणि ती इथे पहिल्या तासाला देतात. स्कूटरचा डावा लिव्हर म्हणजे मागचा ब्रेक. मोटरसायकलचा डावा म्हणजे क्लच. कुत्रं आडवं आलं की स्कूटरवाला सवयीने दोन्ही मुठी आवळतो. मोटरसायकलवर तसं केलं की क्लच दाबला जातो, इंजिनाची पकड सुटते, मागचा ब्रेक लागतच नाही आणि उजव्या हाताने पुढचा मात्र कचकन लागतो. ही सवय सांगून जात नाही. म्हणून भाऊ मैदानात मध्येच टाळी वाजवतात आणि थांबायला लावतात. सुरुवातीला डावा हात आधी जातो. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत उजवा पाय आधी जाऊ लागतो.

अंतराचा हिशेब मात्र कोणी करून दाखवला नाही, तो इथे देतो. ताशी ४० वेगाला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. समोरचं दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला तर ब्रेक लागायच्या आधीच ११ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक मारला तर त्यापुढे साधारण १० मीटर. एकूण एकवीस-बावीस. ताशी ६० ला हाच आकडा चाळीसच्या घरात जातो. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट. पावसात ब्रेकचा भाग आणखी लांबतो. आरेवारेच्या रस्त्यावर वळणापुढचं चाळीस मीटर दिसत नसेल तर तिथे ६० चा वेग चालत नाही, एवढा त्याचा अर्थ.

आठचा आकडा सहाव्या दिवशी येतो, आणि आधीचं पक्कं झाल्यामुळे बहुतेकांना अर्ध्या तासात जमतो. पहिला गिअर, रेस एका जागी स्थिर, वेग क्लचने कमी-जास्त, आणि मागचा ब्रेक अगदी हलका टेकवलेला. त्यामुळे गाडी डगमगत नाही. हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, लावलात की गाडी त्याच बाजूला बसते. सर्वांत मोठी चूक नजरेची. माणूस पुढच्या चाकाकडे बघतो आणि आकड्याबाहेर जातो. 'काकी, चाकाकडे काय बघता, ते कुठे पळून जात नाय! त्या कलमाच्या झाडाकडे बघा', हे वाक्य सकाळी दहादा ऐकू येतं. बराच वेळ हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी ठेवल्याने क्लच जळेल, अशी शंका काहींना येते. मोटरसायकलचा क्लच तेलात बुडालेला असतो, मैदानातल्या सरावाने त्याला काही होत नाही. घाटात चढावर गाडी क्लचवर तोलून धरली तर मात्र प्लेटा जातात.

चढ हा कोकणातल्या शिकवणीचा खरा कस. सड्यावरून वाडीत जाणारा तो डांबरी उतार या क्लासची जमेची बाजू आहे. चढावर थांबलेली गाडी पुढे काढायची रीत अशी : डावा पाय जमिनीवर, उजवा मागच्या ब्रेकवर, पहिला गिअर. रेस थोडी द्यायची, क्लच सोडत पकडीच्या जागी आणायचा. इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडीचा मागचा भाग किंचित दबतो. तेवढं जाणवलं की मग ब्रेक सोडायचा. आधी नाही. चुकतं ते उजवा पाय टेकल्यामुळे. मग मागचा ब्रेक हाती राहत नाही, गाडी पुढच्या ब्रेकवर धरावी लागते, आणि त्याच हाताने रेसही द्यायची. एका हाताची ती दोन कामं नवख्याला जमत नाहीत. गाडी मागे सरकते, घाबरून क्लच सुटतो, गाडी बंद पडते. तीनदा असं झालं की माणूस उतरून ढकलायला लागतो.

उतरणीला उलट सवय मोडावी लागते. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून, कधी इंजिनच बंद करून उतरणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. इथे सांगतात की ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा, इंजिन गाडीला धरून ठेवतं. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ड्रम तापतो आणि खालच्या वळणाला ब्रेक लागेनासा होतो. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम भाऊ सांगतात. लालपरी वळणावर रुंद येते आणि तिचा मागचा भाग तुमच्या बाजूला झुकतो, म्हणून वळणाआधी थांबून तिला जाऊ द्या, हेही सांगतात.

नवव्या आणि दहाव्या दिवशी रस्त्यावर नेतात, आणि इथे क्लास कमी पडतो. दोन सकाळी, त्याही सात वाजता, रस्ता रिकामा असताना. बाजारपेठेत, बंदराकडे किंवा महामार्गावर नेतच नाहीत. एल बोर्ड लावतात, मागे भाऊ बसतो. शिकाऊ परवान्यावर शिकवणाऱ्याशिवाय कुणाला डबलसीट नेता येत नाही, हे बजावतात. पण काँक्रीटच्या कडेवरून साइडपट्टीवर उतरलात आणि परत चढायचं असेल तर काय करायचं, ते कोणी सांगितलं नाही. त्या कडेला समांतर राहून हळूहळू चढायला गेलात की पुढचं चाक कडेला घासत राहतं आणि गाडी पडते. वेग कमी करून, जरा बाहेर जाऊन, तिरकं येत एकदम चढायचं. हे न सांगता महामार्गाच्या जिल्ह्यात शिकवणं म्हणजे अर्धवट काम.

पावसाचंही तेच. वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथल्या क्लासमध्ये पावसात चालवण्यावर दहा मिनिटांचं भाषण, बस. सराव नाही. बॅचेस दसऱ्यानंतर सुरू होतात आणि मे अखेर बंद, कारण पावसात कातळावर शेवाळ धरतं. ही अडचण खरी आहे, पण कोरड्या दिवसात एक टँकर पाणी मारून ओल्यातला ब्रेक दाखवता येतो. निदान एवढं तरी सांगायला हवं : झाडांच्या सावलीतल्या वळणांवर पाणी वाहतं तिथे जुलैपासून शेवाळाचा हिरवा पट्टा असतो, त्यावर ब्रेक नाही, रेस नाही, गाडी सरळ. वहाळाचं (ओढ्याचं) पाणी साकवावरून, म्हणजे लहान पुलावरून, जात असेल तर थांबायचं. ऑक्टोबरात रस्त्यावर पसरलेला भाताचा पेंढा दिसायला निरुपद्रवी, चाकाखाली तेलासारखा. जांभ्याची बारीक खडी वळणाच्या बाहेरच्या कडेला साचते. मागे बसून छत्री उघडणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीने जाणाऱ्यांसाठीही एखादा तास हवा होता. जेट्टीचा उतार ओला, त्यापुढे बोटीची लोखंडी फळी, तीही ओली आणि चिखलाची. पहिल्या गिअरमध्ये सरळ, एका चालीने जायचं, फळीवर ब्रेक मारायचा नाही आणि हँडल वळवायचं नाही. आत गेल्यावर साइड स्टँड, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडल लॉक. न्यूट्रलमध्ये ठेवलेली गाडी लाटेवर स्टँडवरून सरकते.

हेल्मेट क्लासची वापरू नका. तीन आहेत, मापं दोन, आणि एकाचा पट्टा निखळलेला. स्वतःचं आणा, आयएसआय खुणेचं, आयएस ४१५१ हे हेल्मेटचं मानक लिहिलेलं. घालून डोकं जोरात हलवलं तरी ते जागचं हलू नये, आणि पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. कायद्यात विनाहेल्मेटचा दंड १,००० रुपये आणि तीन महिने परवाना स्थगित, पण ते दुय्यम. पायात चप्पल चालत नाही, हे मात्र इथे कडक आहे. चप्पल घालून आलेल्याला पहिल्या दिवशीच परत पाठवतात. टाचेने गिअर मारताना चप्पल फिरते, आणि गाडी पायावर आली तर बोटं जातात.

कागदपत्रांत क्लासची मदत साधारण. शिकाऊ परवाना परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर स्वतः काढता येतो, त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. तो सहा महिने चालतो आणि तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. म्हणून क्लास लावायच्या आधी तो काढून ठेवा. अर्ज करताना 'गिअरसह' निवडा. विनागिअरच्या परवान्यावर मोटरसायकल चालवता येत नाही, गिअरच्या परवान्यावर स्कूटर चालते. एमएच-०८ च्या, म्हणजे रत्नागिरी आरटीओच्या, चाचणीला क्लासची स्प्लेंडर मिळते, त्याचे पाचशे वेगळे. सवयीची गाडी असते, तेव्हा ते द्यायला हरकत नाही.

सायकलही न येणाऱ्याने इथे यायच्या आधी सायकल शिकावी. तोल आणि क्लच एकत्र शिकायला पाच तास पुरत नाहीत, आणि भाऊ हे फी घेतल्यावर सांगतात, आधी नाही. डबलसीट चालवायचं असेल तर त्यासाठी दोन जादा दिवस मागून घ्या, मूळ दहात ते नाही. महामार्गासाठी आणि बाजारातल्या गर्दीसाठी असेच दोन दिवस मागितले तर मिळतात, दर दिवसाला चारशे, वेळ संध्याकाळची. गणपतीत चाकरमानी आल्यावर रस्ते कसे होतात ते माहीत आहेच, तेव्हा हे दोन दिवस उन्हाळ्यातच घेतलेले बरे. ॲक्टिव्हा रोजच्या वापरात असेल तर पहिल्या दिवसातलं निम्मं तुम्हाला येत असतं. तसं स्पष्ट सांगा, सात दिवसांची फी तीन हजार दोनशे घेतात. पाटीवर ते लिहिलेलं नाही.